ट्रेसिंगवर राहिलेली वीस वर्षं

पुण्यात १९३० साली शिशाच्या खिळ्यांनी छापलेलं एक मराठी पुस्तक घ्या आणि १९९८ साली संगणकावर जुळवलेलं एक घ्या. दोन्हींचं ई-पुस्तक करायचं असेल तर जुनं आधी हातावेगळं होईल. त्याचा मार्ग ठरलेला असतो. पानं स्कॅन करायची, यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्यायची, नाही जमलं तर कुणीतरी बसून सगळं पुन्हा टाइप करायचं, मग प्रुफं वाचायची. नव्याचे लेखक मात्र ‘सॉफ्ट कॉपी आहे माझ्याकडे’ असं सांगून कपाटातून सीडी काढतात, आणि तिथून आमच्या शोधाशोधीला सुरुवात होते. सीडी वाचणारा ड्राइव्ह शोधा, पेजमेकर चालेल असा जुना संगणक शोधा, त्या वेळचा फाँट शोधा, त्या फाँटचं कुलूप म्हणून आलेलं डोंगल शोधा. एवढं जमून फाइल उघडली तरी आत मराठी नसतं. मराठीसारखं दिसणारं काहीतरी असतं. बहुतेकदा त्या पुस्तकाचीही शेवटी पानंच स्कॅन करावी लागतात.

हे असं का झालं ते लिहून ठेवायला हवं, कारण ते घडत होतं तेव्हा आम्ही सगळे मोठ्या उत्साहात होतो.

मी नारायण पेठेत अक्षरजुळणी करते. माझी बरीचशी गिऱ्हाइकं म्हणजे स्वतःचं पुस्तक स्वतःच काढणारी माणसं. निवृत्त मुख्याध्यापकांचं आत्मचरित्र, नर्मदा परिक्रमेची रोजनिशी, गावच्या देवस्थानाचा इतिहास, नातवंडांना भेटायला न्यू जर्सीला गेलेल्या आजींचं प्रवासवर्णन, पंच्याहत्तरीच्या समारंभात वाटायचा कवितासंग्रह. आणि या सगळ्यांत मोठं प्रकरण म्हणजे कुलवृत्तांत. मोठ्या प्रकाशकांच्या लेखी ही हौशी पुस्तकं. असतील. पण धरणाखाली गेलेल्या एखाद्या गावातली घरं कुठून कशी मांडलेली होती, कुणाच्या विहिरीचं पाणी गोड होतं, हे मला अशाच पुस्तकांत वाचायला मिळालं आहे. दुसरीकडे कुठे ते छापलेलंच नसतं.

लेखकानं पदरमोड करून पुस्तक काढणं आपल्याकडे जुनंच आहे. १८६७ च्या कायद्यानं छापील पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव आणि ठिकाण घालायला लावलं. त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या श्रेयपानावर, हे पुस्तक अमक्यांनी तमक्या छापखान्यात छापवून आपल्या राहत्या घरी प्रसिद्ध केलं, अशा अर्थाची ओळ हमखास भेटते. पेठ आणि घरनंबर सगळं त्यात असतं. त्याच कायद्यापायी सरकार दर तीन महिन्यांनी छापील पुस्तकांच्या याद्या काढत असे आणि त्यात किती प्रती छापल्या तेही असे. मराठी ग्रंथव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यांना या याद्यांचा आजही मोठा आधार असतो. त्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा नवा कायदा फक्त नियतकालिकांपुरता आहे, पुस्तकं त्यातून वगळली गेली. मला त्याची चुटपुट लागते, पण ते जाऊ द्या.

इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड १८९८ पासून काढले, ते काही कुणा श्रीमंत प्रकाशकाच्या जिवावर नव्हे. पन्नाशीच्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ नावाचं अनियतकालिक काढलं, ते सायक्लोस्टाइल करून. स्टेन्सिलवर टाइप करायचं, शाई लावायची, रूळ फिरवायचा. छापखान्याचा खर्च परवडत नाही आणि संपादकाची परवानगी नको आहे, अशा लेखकाला तेव्हा तोच मार्ग होता. आज वर्ड उघडून बसलेला लेखक त्यांच्याच वाटेवरचा आहे. फरक इतकाच, की त्याला छापखान्याइतकंच देखणं पान हवं असतं.

छापखान्याचं पान देखणं का असे, ते मी सासऱ्यांकडून ऐकलं. ते शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. समोर तिरक्या घोडीवर खिळ्यांच्या केशी, डाव्या हातात स्टिक, उजवा हात न बघता कप्प्यांतून फिरणारा. ओळ उलटी वाचायची सवय इतकी, की वर्तमानपत्र समोरच्याच्या हातात असलं तरी पलीकडून वाचून संपवत. देवनागरीला इंग्रजीच्या कितीतरी पट कप्पे लागतात. काही संचांत अक्षर उकार-मात्रेसकट एकाच खिळ्यात ओतलेलं असे, काहींत तुकडे शेजारी लावून अक्षर उभं करावं लागे. जावजी दादाजींनी लहानपणी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचं काम केलं आणि पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला. त्या निर्णयसागरच्या टायपाची कीर्ती देशभर झाली ती हे तुकडे एकमेकांत न कळता मिसळत म्हणून. सासरे चांगला टाइप ओळखायची खूण सांगत: रफार अक्षरावर बसलेला हवा, उडून चाललेला नको. टिळकांना मात्र देखणेपणापेक्षा वेग हवा होता. ‘केसरी’साठी त्यांनी खिळ्यांची संख्या १९० च्या आसपास आणायची योजना आखली होती. तो आकडा लक्षात ठेवा. पुढे संगणकात तो पुन्हा भेटणार आहे.

लेखक कागदाच्या एका बाजूला हातानं लिहून द्यायचा आणि घरी जायचा. पुढचं सगळं जुळाऱ्याचं. प्रकरण उजव्या पानावर सुरू करायचं, परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊ द्यायची नाही, ओळीत शब्दांमधल्या फटी एकाखाली एक आल्या आणि पानातून पांढरा ओहोळ वाहायला लागला तर ओळ सोडून पुन्हा जुळवायची. हे त्याला कुणी लिहून दिलेलं नसे. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, तेव्हा जुन्या वळणाचे लेखक उच्चारात नसलेले अनुस्वार देतच राहिले आणि जुळारी ते गाळत राहिले. सासरे म्हणत, ‘लेखकाला सांगायचं नाही. छापून आलं की त्याला आपलंच वाटतं.’ फॉर्म छापून झाला की मजकूर सोडायचा, म्हणजे खिळे पुन्हा आपापल्या कप्प्यांत टाकायचे. दुसरी आवृत्ती निघाली तर पहिल्यापासून जुळणी. पण पहिल्या आवृत्तीची छापील प्रत हातात असली की सगळं हातात आहे, ही खात्री होती.

मी या धंद्यात आले ती टायपिंगमधून. मराठी तीसची परीक्षा दिली होती, गोदरेजच्या यंत्रावर. नव्वदीच्या सुरुवातीला पेठांमध्ये ‘डीटीपी’च्या पाट्या लागायला लागल्या आणि टायपिंग येणाऱ्या मुलींना अचानक भाव आला. छापखान्यातली पुरुषांची जुळणी दोन-चार वर्षांत बायकांच्या हाती आली. या बदलावर कुणी फारसं लिहिलेलं नाही. केशी भंगारात गेल्या, शिसं किलोवर विकलं गेलं, आणि त्याच खोलीत पंखा, संगणक, लेझर प्रिंटर आणि ‘चप्पल बाहेर काढा’ अशी सूचना आली.

एक गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली. आमच्या आधीच, आमच्याच शहरात, मराठी संगणकावर अगदी योग्य पद्धतीनं आलेलं होतं. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान सी-डॅक पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झाल्यावर इथे आलं. संगणकात जिस्ट कार्ड बसवलं की डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टारमध्येसुद्धा देवनागरी उमटायची. त्यामागे ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली होती, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. तिच्यात ‘क’ला एक ठरलेला क्रमांक, वेलांटीला एक, हलन्ताला एक. अक्षर कसं काढायचं ते यंत्र बघेल. साठवायचं ते ‘कोणतं अक्षर’ एवढंच. त्यामुळे शब्द शोधता येई, यादी अकारविल्हे लावता येई. सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत हे चाललं. पुस्तकांच्या धंद्यात फारसं शिरलं नाही, कारण त्याची अक्षरं पडद्यापुरती ठीक होती आणि पुस्तकाच्या पानावर आम्हाला निर्णयसागर हवा होता.

तो दिला विंडोज, पेजमेकर आणि मराठी फाँटांनी. पेजमेकर अमेरिकेत १९८५ मध्ये आला, आमच्याकडे पोचला तेव्हा तो चांगला मुरलेला होता. जोडीला पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, बंगळुरूहून आलेली आकृती. सुरेख, योगेश अशा नावांचे फाँट. पण पेजमेकरला देवनागरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्याला वाटे आपण इंग्रजीच जुळवतो आहोत. मग फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी फाँटात अक्षरांना जेमतेम दोनशेच्या आसपास वापरण्याजोगी घरं असतात. त्या घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. एका घरात अर्धा ग, दुसऱ्यात काना. दोन्ही दाबले की ‘ग’ दिसतो. एका घरात रफार, एकात रफार आणि अनुस्वार जोडीनं. ऱ्हस्व वेलांटी आधी दाबायची, अक्षर मागून. टिळकांचे १९० खिळे जवळजवळ शंभर वर्षांनी या दोनशे घरांत येऊन बसले. सासऱ्यांना मी कळफलकाचा तक्ता दाखवला, तेव्हा त्यांना काहीही समजावून सांगावं लागलं नाही. ‘ही केसच आहे,’ म्हणाले.

आणि ती होतीच केस. फक्त प्रत्येक कंपनीची कप्प्यांची मांडणी वेगळी. एकीच्या फाँटात जिथे ‘क’ तिथे दुसरीच्या फाँटात उकार. मजकुराचा फाँट चुकून टाइम्स रोमन झाला की पडद्यावर कंस, टक्के, डॉलर आणि उच्चारचिन्हं डोक्यावर घेतलेली युरोपी अक्षरं यांची रांगोळी. तेव्हा आम्ही हसायचो आणि फाँट परत लावायचो. ती रांगोळी हाच संगणकाच्या दृष्टीनं खरा मजकूर होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आम्हाला हवा होता कागद. लेझर प्रिंटरमधून ट्रेसिंग पेपरवर पान काढायचं, ते छापखान्यात जायचं, तिथे त्यावरून ऑफसेटची प्लेट. आमचं काम ट्रेसिंगपाशी संपत असे.

ट्रेसिंगविषयी थोडं सांगते, कारण सगळा घोळ तिथे आहे. शेवटचं प्रूफ होऊन ट्रेसिंग निघालं की लेखकाला हमखास चूक सापडायची. मामांचं नाव चुकलं, सन चुकला, अर्पणपत्रिकेत एक वेलांटी. अख्खं पान पुन्हा काढायचं तर ट्रेसिंग वाया. मग तेवढी एक ओळ वेगळी छापायची, पातीनं जुनी ओळ कापून काढायची, काचेच्या टेबलाखाली दिवा लावून नवी तिथे बरोब्बर बसवायची आणि पारदर्शक चिकटपट्टी. या कामात माझा हात चांगला होता. छापील पुस्तकात काही कळायचं नाही. पण फाइलमध्ये ती दुरुस्ती करायची राहायची. बारा पुस्तकं रांगेत असताना कोण परत फाइल उघडतो? म्हणजे आज ती फाइल मिळाली, फाँट मिळाला, सगळं जुळून आलं, तरी आतलं पुस्तक छापलेल्या पुस्तकापेक्षा वेगळं असतं. मामांचं नाव अजून चुकलेलंच असतं. पुढे ट्रेसिंग जाऊन पीडीएफ आली, पण आत तुकड्यांचेच फाँट. पीडीएफमधला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा तीच रांगोळी.

सूची करायची म्हणजे तर शिक्षाच. संगणक शेजारी असताना आम्ही व्यक्तिनामांची सूची पोस्टकार्डांच्या आकाराच्या कागदांवर लिहून, जमिनीवर पसरून, अकारविल्हे लावत असू. यंत्राला ‘अ’च्या पुढे ‘आ’ येतो हे माहीत नव्हतं.

यावरचा उपाय, म्हणजे जगातल्या लिप्यांना एकच क्रमांकपद्धत देणारं युनिकोड, १९९१ मध्येच आलेलं होतं आणि त्यातली देवनागरी इस्कीच्याच धाटणीवर बेतलेली होती. विंडोजमध्ये ती पहिल्यांदा नीट चालली विंडोज २००० पासून, सोबत मंगल नावाचा फाँट घेऊन. तो आपल्या र. कृ. जोशींनी केलेला. आम्हा डीटीपीवाल्यांना त्याचा पत्ता नव्हता, कारण पेजमेकरमध्ये युनिकोड मराठी चालतच नसे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. ती घेऊन आम्ही पुढे कितीतरी वर्षं काढली. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची रीतसर सोय झाली २०१२ च्या आवृत्तीत. मधली सगळी वर्षं संगणकावर खरं मराठी लिहून त्याचं पुस्तक करायचं तर हाताशी होता एकच मोठा कार्यक्रम, आणि तो म्हणजे ज्याला आम्ही नाकं मुरडायचो तो वर्ड.

नाकं मुरडायला कारण होतं. वर्ड १९८३ पासूनचा, कचेरीतली पत्रं आणि अहवाल लिहायला बनवलेला. आमच्या दृष्टीनं त्यात पुस्तक करणं म्हणजे क्लार्कचं काम. पण विंडोज एक्सपीच्या काळात काही लेखक घरीच मराठी लिहायला लागले. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘गुंतागुंतीच्या लिप्या’ची एक चौकट टिचकवावी लागे, मग संगणक विंडोजची मूळ सीडी मागे, ती कुणाकडेच नसे. तीही अडचण पार करून इन्स्क्रिप्ट कळफलक शिकलेले एक निवृत्त अभियंते माझ्याकडे साडेतीनशे पानांचा कुलवृत्तांत वर्डमध्ये घेऊन आले. मी सवयीप्रमाणे म्हटलं, श्रीलिपीत पुन्हा टाइप करावं लागेल. ते म्हणाले, ‘का?’ आणि त्यांनी शोध-चौकटीत आपल्या पणजोबांचं नाव टाकलं. सगळ्या पिढ्यांतले त्या नावाचे पुरुष एकामागून एक समोर आले. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असलेल्या घराण्यात ही सोय काय चीज आहे, ते कुलवृत्तांत केलेल्यालाच कळेल.

मग मी वर्ड शिकले, आणि त्याच्या खोड्याही. वर्ड देवनागरीला वेगळ्या खात्यात ठेवतो: इंग्रजीचा फाँट वेगळा, ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा वेगळा. एकाचं माप बदललं तर दुसऱ्याचं बदलेलच असं नाही. स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं इंग्रजीच्या फाँटातून येतात आणि मराठी ओळीत परक्यासारखी उभी राहतात. मंगल पडद्यासाठी केलेला, कागदावर भारदस्त आणि ओळींत भलतं अंतर ठेवणारा. ते अंतर दामटून कमी केलं तर वरच्या मात्रा कापल्या जातात. त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं म्हणून ठरवून दिली, पण ती रूपं असलेले, पुस्तकाला शोभतील असे मोफत फाँट हाती यायला आणखी वेळ गेला. आता मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, चिंता नाही. शब्द तोडणं मात्र वर्डला मराठीत येत नाही. आपले शब्द लांब, प्रत्यय चिकटलेले. दोन्ही कडा सरळ करायला गेलं की ओळीत खिंडारं पडतात. तिथे मी अजून सासऱ्यांच्याच पद्धतीनं जाते, ओळ वाचून एखादा शब्द लेखकाला विचारून बदलते.

वर्डनं लेखकाला जुळाऱ्याच्या खुर्चीत बसवलं, पण जुळाऱ्याला काय काय ठाऊक होतं ते काही त्याच्या सोबत आलं नाही. लेखकांच्या फाइली मी उघडते आणि एरवी न दिसणाऱ्या खुणा दाखवणारं बटण दाबते. मग त्या माणसाची सगळी टायपिंगची शाळा दिसते. नवं प्रकरण नव्या पानावर हवं म्हणून एंटर, एंटर, एंटर. परिच्छेद आत सरकवायला पाच-सहा मोकळ्या जागा. कवितेची ओळ मध्यावर यावी म्हणून टॅब. प्रकरणाचं नाव ठळक, मोठं, अधोरेखित, आणि प्रत्येक प्रकरणात थोडं वेगळं. अनुक्रमणिका हातानं, टिंबं टिंबं देऊन. हे सगळं टाइपरायटरचं वळण. ए-फोर कागदावर छापलं तर दिसायला ठीकही दिसतं. पुस्तकाचं माप डेमी, म्हणजे ए-फोरपेक्षा लहान, केलं की सारी टिंबं आणि एंटर धावत सुटतात.

वर्डमध्ये यावर उतारा पहिल्यापासून आहे, त्याचं नाव स्टाइल. हे प्रकरणाचं शीर्षक, हा परिच्छेद, हा उतारा, ही कविता, असं मजकुराला सांगून ठेवायचं आणि दिसणं एका जागी ठरवायचं. शीर्षकाचा फाँट बदलायचा तर एकदा बदलायचा. अनुक्रमणिका वर्डच काढतो. आरशातले समास, शिवणीकडची जादा जागा, डाव्या पानावर पुस्तकाचं नाव आणि उजव्यावर प्रकरणाचं, एकटी ओळ पानावर राहू न देणं, सगळ्याची सोय आहे. सासरे जे डोक्यात ठेवत ते इथे चौकटींत भरून ठेवता येतं. घरी वर्ड वापरणारे बहुतेक लेखक या सोयीपर्यंत कधी पोचतच नाहीत, आणि हे मला आजही कोडं आहे. लिबरऑफिस फुकट मिळतं, त्यातही स्टाइली आहेत, उलट जास्त चांगल्या.

ई-पुस्तक आलं आणि स्टाइलीशिवाय गत्यंतर उरलं नाही. किंडल अमेरिकेत २००७ मध्ये निघालं. पुढच्या वर्षी मार्क कोकर यांनी तिथेच स्मॅशवर्ड्स सुरू केलं. लेखकानं वर्डची फाइल चढवायची, त्यांचं यंत्र तिचं ई-पुस्तक करणार. त्या यंत्राचं नावच त्यांनी खिमा करायच्या यंत्रावरून ठेवलं होतं. ई-पुस्तकाला पान नसतं. वाचणारा अक्षर मोठं करतो आणि मजकूर नव्यानं वाहतो. त्यामुळे एंटर मारून केलेलं पान तिथे रिकामा पडदा होऊन येतं, आणि चौकटींनी-रेघांनी काढलेला वंशवृक्ष कोलमडतो. स्मॅशवर्ड्सच्या मार्गदर्शिकेत बिघडलेल्या फाइलीवर जालीम उपाय होता: सगळा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा, त्यातली सारी सजावट गळून जाऊ द्या, परत वर्डमध्ये आणा आणि स्टाइली लावा. मी हा उपाय मराठीला लावते तेव्हा त्यातून आणखी एक गोष्ट कळते. नोटपॅडमध्ये मराठी मराठीच राहिलं तर ते युनिकोड आहे. रांगोळी झाली तर ते तुकड्यांचं आहे, आणि पुढचं सगळं काम वेगळं.

किंडलनं मराठी पुस्तकं रीतसर घ्यायला सुरुवात केली ती २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळमबरोबर. त्याआधी मराठी ई-पुस्तक म्हणजे मुख्यतः पीडीएफ, मोबाइलवर बोटांनी ताणून वाचायची. दार उघडल्यावर लेखकांची रीघ लागली आणि ज्यांची पुस्तकं तुकड्यांच्या फाँटांच्या त्या वीस वर्षांतली होती ते सीड्या घेऊन आले. तुकड्यांच्या फाँटातून युनिकोड करून देणारी साधनं आहेत, मी ती वापरते. पण ती रफार पुढच्या अक्षरावर टाकतात, ‘ट्र’ तोडतात, अनुस्वार गिळतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक तर नेमका तिथेच हरवतो. तो अर्धा र मराठीला लागतो, हिंदीला त्याची गरज नाही. लेखकही तो दोन-तीन वेगवेगळ्या रीतींनी टाइप करतात, सगळ्या सारख्याच दिसतात आणि शोधताना एकच सापडते. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीच्या फाइलींत ‘ॲडव्होकेट’ शोधायचा असेल तर ज्यानं टाइप केलं त्यानं काय केलं असेल याचा अंदाज बांधत बसावं लागतं.

आता मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, मोबाइलला बोलून दाखवलेला. त्यात पूर्णविराम नसतात, ‘आणि’चे ‘आनी’ झालेले असतात, पण अक्षरं खरी असतात. बिनविरामांचा मजकूर दोन दिवसांत नीट करता येतो. तुकड्यांचा येत नाही.

म्हणून ज्यांची पुस्तकं साधारण १९९० ते २०१० मधली आहेत त्यांना माझी विनंती आहे. सीडीवर विसंबू नका. घरात छापील प्रत आहे का ते आज पाहा आणि एक तरी प्रत बाजूला काढून ठेवा. तुमच्या पुस्तकाचा खरा पाठ तेवढाच आहे, चिकटपट्टीच्या दुरुस्त्या तिच्यातच आहेत. फाइल कुणी युनिकोडमध्ये करून दिली तर ती जुन्या फाइलीशी नव्हे, या प्रतीशी ओळीओळीनं ताडून घ्या. आणि नवं पुस्तक करत असाल तर पीडीएफबरोबर वर्डची युनिकोड फाइलही जुळणीवाल्याकडून मागून घ्या, शेवटच्या दुरुस्त्यांसकट. पैसे त्याचेही दिलेले असतात.